मऊ खाच

सन बेचाळीसचा सुमार. जगात खऱ्या बंदुका धडाडत होत्या आणि कडाव गावात मालोजी पाटील आजोबांची पलटणीतली जुनी बंदूक मिरवत होता. नागू लोहाराला मालोजीचा मनापासून तिटकारा होता. बंदुकीची मात्र त्याला कीव यायची. बिचारी लढाईत झिजली असती तर गोष्ट वेगळी. ही झिजली होती बढायांनी. पाहुणा आला की मालोजी ती खुंटीवरून काढणार, रिकाम्या बंदुकीचा घोडा ओढून चाप दाबणार आणि आजोबांचा पराक्रम ऐकवणार. घोडा अडकायची खाच गुळगुळीत झाली, घोडा थांबेना, तेव्हा दसऱ्याआधी बंदूक नागूच्या भट्टीवर आली.

"नीट बसव रं नागू. घराण्याची अब्रू हाय."

अब्रू म्हणे! ह्या गड्यानं उभ्या जन्मात उंदीर मारला नव्हता. नागूनं कानशीनं खाच नव्यानं कोरली, आणि सुरेख कोरली. राहिलं होतं पाणी देणं. खाचेचा तुकडा लाल करून पाण्यात बुडवला की लोखंड कडक होतं, खाच टिकते. पण विझलेली भट्टी पुन्हा फुंकायची कोणासाठी? ह्या बोलघेवड्यासाठी? पाहुण्यांपुढे खट्ट वाजलं म्हणजे झालं. त्यानं तुकडा तसाच मऊ बसवून दिला.

दसऱ्याला खटखट झाली, दिवाळीलाही झाली. मग रानडुकरं नेमकी नागूच्याच शेतात घुसली. वर्षभराचं भात आडवं होऊ लागलं, तसा तो झक मारत मालोजीकडं गेला. हा शेपूट घालणार, याची त्याला खात्री होती.

मालोजी आला. बंदूक भरून बांधावर उभा राहिला. डुक्कर उसळून बाहेर आलं तेव्हा हाकारायला आलेले सगळे झाडावर चढले, त्यात नागू पहिला. मालोजी हलला नाही. त्यानं घोडा ओढला. घोडा खाचेत न थांबता अंगठ्याबरोबर हळूच परत आला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. तेवढ्यात डुकरानं त्याची मांडी फाडली.

पुढं मालोजी बाजेवर पडून असायचा. विचारपूस करायला पाहुणे येत. एकदा नागूही कोपऱ्यात येऊन बसला.

"बंदूक चोख हाय," मालोजी सांगत होता. "आमच्या नागूनं केलीय. माजाच अंगठा घसरला. भ्यालो आसंन."

पाहुणे हसले. नागूही हसला, कारण हसला नसता तर त्याला बोलावं लागलं असतं.