तोंड बघायचं राहिलं

नर्सनं धाकट्याची बाही वर सारली. ती सुई टोचणार, इतक्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"अहो सिस्टर, ते माझं इंजेक्शन. त्याला कशाला फुकट देताय?"

मास्कमधून एवढं बोलायलाही थोरल्याला धाप लागली. नर्स दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. जुळ्यांचा घोळ तिला नवा होता. त्या दोघांना तो जन्मापासून सवयीचा. सलूनमध्ये शेजारशेजारी उभे राहून दोघं लोकांची डोकी भादरत. अर्धी दाढी एकानं केली आणि उरलेली दुसऱ्यानं, तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. फरक एवढाच, की गिऱ्हाईक उठलं की थोरला मागच्या दाराशी सिगारेट ओढायला जाई, आणि तेवढ्यात धाकटा दोन्ही खुर्च्यांखालचे केस झाडून घेई.

कोरोनानं मात्र दोघांना एकदमच गाठलं.

"वय एक, आजार एक," डॉक्टर दोघांच्या छातीचे एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले. "पण ह्यांची फुफ्फुसं धुरानं आधीच पोखरलीत. झुंजायला बळ कुठून आणणार?"

"ऐकलंस?" थोरला हसला. "तुझ्या वाटणीचंही मीच ओढून टाकलं."

धाकट्याचा ताप उतरला, त्याला भूक लागू लागली. शेजारच्या खाटेवर त्याचाच चेहरा खचत चालला. थोरल्याचे गाल आत गेले, तसा धाकटा आपले गाल चाचपू लागला. त्या मिटल्या पापण्यांकडे बघता बघता त्याला वाटे, तिथं निजलाय तो मीच. हा उशीला टेकून जेवणारा कोण?

एका सकाळी थोरल्याला व्हेंटिलेटरवर घ्यायला नेलं. तो परत आला नाही. दुपारपर्यंत त्याच्या खाटेवर नवी चादर अंथरलेली होती.

थोरल्याची बायकोही तेव्हा तापानं घरात अडकून पडली होती. नवरा बंद पिशवीतून परस्परच स्मशानात गेला.

धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं. तिघांचं घर एकच. तो परतला तेव्हा वहिनीनं दार उघडलं आणि ती जागीच खिळली. त्यानंतर ती त्याच्यासमोर येईनाशी झाली. ताट ठेवायची आणि पाठ फिरवून निघून जायची.

मग एका दुपारी ती त्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, एक मागू? वेडी म्हणू नका."

"बोला ना, वहिनी."

"त्यांचं तोंड बघायचं राहिलं माझं. तुम्ही जरा... आडवे व्हाल?"

धाकटा खाटेवर आडवा झाला. हात छातीवर ठेवले, मग काढून अंगालगत सरळ केले. तिनं पडदा ओढला.

"सिगारेटनं ओठ काळे पडले होते त्यांचे," ती पुटपुटली, आणि खुंटीवरचा कापडी मास्क तिनं त्याच्या हातात दिला.

त्यानं तो चढवला आणि डोळे मिटले. मग अगदी कानाशी, त्यानं कधीच न ऐकलेल्या आवाजात ती म्हणाली,

"अहो."

तो हलला नाही.

"किती विनवलं मी. ही शेवटची, ही शेवटची म्हणत राहिलात." त्यापुढचं ती इतकं हळू बोलली, की ते आपल्यासाठी नाही हे त्याला कळलं. थंडगार तळवा त्याच्या कपाळावर टेकला.

"मास्क हलतोय," ती म्हणाली.

त्यानं श्वास रोखून धरला. तळवा कपाळावरून केसांत गेला, तिथंच थांबला. त्याच्या कानांत ठोके घुमू लागले, मग तेही लांब लांब जात राहिले.

"झालं." तळवा उचलला गेला. "उठा भावजी. चहा टाकते."

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. नळ सुरू झाला, बंद झाला. कपबशी वाजली.

"भावजी?" तिनं आतून हाक मारली.

मास्क अजून हलत नव्हता.