कोर्नेलिसचं गाव

सवयीनं जनार्दननी शेजारच्या कोर्नेलिसच्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की म्हातारा जाऊन चार दिवस झालेत. तेवढ्यात दार उघडून त्याची मुलगी मार्लेन बाहेर आली. तिनं त्यांना कॉफीला आत बोलावलं.

"बाबा तुम्हाला त्यांच्या हॉलंडमधल्या गावाबद्दल सांगायचे ना? आम्हा भावंडांशी कधी एक शब्द बोलले नाहीत. शनिवारी चर्चमध्ये त्यांच्याबद्दल मला बोलायचंय. कसं होतं ते गाव?"

जनार्दननी कप हातात फिरवला. वीस-बावीस वर्षं कोर्नेलिस कुंपणापलीकडून सांगत होता, आणि ते हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यातल्या पाळीचा विचार करत 'हं, हं' म्हणत होते. गावाचं नावही त्यांना आठवेना. आठवत होता तो छातीपाशी आडवा धरलेला त्याचा हात. 'पाणी इथवर आलं होतं.'

"समुद्रापेक्षा सखल," ते म्हणाले. "सगळं गाव बांधाच्या भरवशावर."

मार्लेन पुढे सरकून बसली. मग त्यांना थांबता येईना.

"बांध फुटला की घरटी माणसं धावत. रांग लावून हातोहात चिखल पुढे देत. ज्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही, तेही शेजारी शेजारी उभे राहत. खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं शेत पिकत नसे. तरी गाव सोडायचं कुणी मनात आणत नसे."

"बाबांनी सोडलं."

"हो. सोडणाऱ्याला मग घरात ते बोलता येत नाही."

तिनं डोळे पुसले.

शनिवारी चर्चमध्ये तिनं ते सगळं सांगितलं. मागच्या बाकांवरची कोर्नेलिसच्या वयाची दोन डच माणसं होकारार्थी मान डोलावत होती. जनार्दनच्या पत्नी मृणालिनीबाई त्यांच्याकडे न बघता ऐकत होत्या. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या,

"हे तर तुमच्याच खाडीकाठच्या गावाचं. सासूबाई सांगायच्या मला."

"हं."

"मग तो काय सांगायचा?"

"मी ऐकलंच नाही गं."

त्यांनी सीटबेल्ट लावला. मग हलकेच म्हणाल्या, "आपल्या आरवला तरी तुमच्या गावाबद्दल सांगितलंत का कधी?"

जनार्दननी फोन काढला. कॅल्गरीत मुलाच्या फोनची दोनदा रिंग वाजली.

"हाय बाबा. एव्हरीथिंग ओके? आय ॲम जस्ट हेडिंग आउट."

"हो, हो. ओके." समोरच्या काचेवर बर्फ साचत होता. "तिकडे थंडी कितपत आहे?"