सोळा ठिकाणचा विस्तव

अखिती तीन दिवसांवर आली, तशी छबूबाई नगरला राधाकृष्ण सोनाराकडे गेली. वारलेल्या धन्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसवायचा होता, आणि जर्मनच्या लढाईपायी चांदी बाजारातनं गडप झालेली. पदराला दोन गाठी होत्या. एकीत तिची उतरवलेली जोडवी. तिला तिनं हात लावला नाही. दुसरी सोडून देव काढला.

सासऱ्यांना विहीर खणताना सापडलेलं ते पातळ, रुंद नाणं. एका अंगाला पंखांचा मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या अंगाला दोन उभी माणसं, मधे काहीतरी. खंडोबा-म्हाळसा समजून वीस वर्षं तिनं त्याला भंडारा वाहिला. दिवा लावल्याबिगर पाणी पीत नसे. आता सुतक फिटून महिना झाला, तरी दिवा लावला नव्हता. त्याचं काही वाटतही नव्हतं.

"ह्येचाच टाक करा."

"मावशी, देव आटवून माणूस करायचा?"

"देव लई हायेत. मानूस येकच हुता."

"त्या गाठीत जोडवी असतील ना? ती द्या."

"न्हाई."

चष्म्याची तुटलेली काडी सांधून घ्यायला बसलेले छावणीतले म्हातारे पारशी, एदलजीशेट, वाकले. नाणं बघून त्यांनी आधी डोक्यावरची टोपी नीट केली.

"हा तर आमचा आतश, बाई. जुन्या इराणी बादशाचं नाणं. मधे अग्नी, नि दोघं पहाऱ्याला. विझू नाही द्यायचा."

"माजा इझला," छबूबाई म्हणाली.

"मग आणायचा. आमचा सगळ्यात मोठा आतश मांडताना सोळा ठिकाणचा विस्तव जमवतात. कुंभाराचा, भटारखान्याचा..."

"सोनाराचा?" राधाकृष्ण हसला.

"तुझापण, लबाडा. नि चितेचासुद्धा. शुद्ध करून घेतात, टाकत नाहीत."

छबूबाईला मडकं आठवलं. तिच्याच चुलीतला विस्तव त्यात घालून दीर तिरडीपुढं मसणात गेला होता. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. बोटांनी मात्र दुसरी गाठ सोडली.

"ह्येंचा करा."

जोडवी मुशीत पडली. लाल झाली, मग पाणी. ती बघत राहिली.

दिवेलागणीला गावी परतल्यावर गोवरीचा तुकडा घेऊन ती शेजारच्या कडूबाईच्या दारात उभी राहिली.

"इस्तू दे गं. दिवा लावायचाय."

"अगं, काड्याची पेटी ने की!"

"पेटी नगं. चुलीतला दे."

दिवा लागला. नाणं तिनं पुसून जागेवर ठेवलं, भंडारा वाहिला. मग घोटभर पाणी प्याली.