विहिरीपर्यंतच

सकाळपासून आई आणि तिच्या दोन्ही पोरी वाकून भुईमूग उपटत होत्या. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, अंगाला नुसती चिकचिक. माती अशी आवळून बसलेली, की वेल ओढला की निम्म्या शेंगा आतच. आईचं लक्ष मात्र रस्त्याकडे.

"हातपाय धुवा गं. बाबा येतील एवढ्यात."

थोरलीनं मान वर केली नाही. "मी जाणार नाही."

"मी पण नाही," धाकटी म्हणाली.

"कोर्टानं सांगितलंय, रविवारी जायचं म्हणजे जायचं. नाही गेलात तर मलाच झापतील, आईनं पोरींचे कान भरले म्हणून."

ती बोलत होती खरी, पण पोरी नको म्हणाल्या की तिला आतून बरं वाटायचं. आणि बरं वाटलं की लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

मोटारसायकल बांधाशी थांबली. पोरींचा बाप इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला बघताच दोघी शेंगांच्या ढिगाआड गेल्या. त्यानं एक हाक मारली, दोन मारल्या. मग बायकोवर उखडला, "तूच पढवून ठेवलंयस!"

"घसा कोरडा झाला माझा सांगून. त्यांनाच विचारा."

थोरली ताडकन उभी राहिली. बापाकडे रोखून बघत म्हणाली, "तुम्ही दिवसभर आईचंच विचारता. घरी कोण येतं, ती कुणाशी बोलते. आमचं कधी काही विचारता का?"

बापाचं तोंड उतरलं. हातातली किल्ली तो उगाच फिरवत राहिला. "नाही विचारणार," शेवटी म्हणाला.

"शप्पथ?" धाकटीनं डोकं बाहेर काढलं.

"शप्पथ."

"मग विहिरीपर्यंतच येऊ," थोरली म्हणाली. "चालत."

तिघं बांधावरून निघाले. तो पुढे, पोरी चार हात मागे. इकडे आईच्या हातून एक वेल धड उपटेना. काय बोलणं चाललंय? एवढा वेळ कशाला? मधेच धाकटीचं खिदळणं ऐकू आलं आणि आईच्या हातातला वेल मुळाशीच तुटला.

बाप गेला, पोरी परतल्या. आई लगबगीनं सामोरी गेली. "काय म्हणाले गं बाबा? माझं काही..."

थोरलीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. अगदी मघाशी बापाकडे पाहिलं होतं तसंच.

आईनं जीभ चावली.

"टोपली धर," ती म्हणाली. "पाऊस यायच्या आत शेंगा झाकू."