मला उपाशीच ठेवा

मित्रांनो, मी एक जुना लॉनमोवर, म्हणजे पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे यंत्र आहे. जुना म्हणा, खुशाल म्हणा. पण निकामी म्हणाल, तर ते मी ऐकून घेणार नाही!

कारखान्यात माझी जुळणी झाली आणि मी थेट या शाळेत आलो. सोळा वर्षे माळीमामांनी मला चालवले. पाहुण्यांनी मैदानाची तारीफ केली की मामा माझ्या दांड्यावर थाप मारत. हंगामातले शेवटचे गवत कापून झाले, तरी ते मला बंद करत नसत. टाकीतले पेट्रोल संपून मी आपोआप थांबेपर्यंत शेजारी उभे राहत. मगच मला पुसून कोठीत ठेवत.

मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांचा जावई आला. माणूस लाखात एक. पण सासरी आग्रहाचे खाऊन त्याला वाटे, भरलेले पोट म्हणजेच माया. "सात महिने बिचाऱ्याला उपाशी कसं ठेवायचं?" असे म्हणत त्याने माझी टाकी गळ्यापर्यंत भरली आणि कोठीला कुलूप लावले.

मित्रांनो, पेट्रोलही शिळे होते. त्यातला हलका भाग उडून गेला. उरलेले चिकट झाले आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरचे बारीकसे छिद्र बुजले.

पुढच्या हंगामात जावयाने मला सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला. "सासऱ्यांसारखाच हट्टी आहे!" तो करवादला. मुख्याध्यापिकाबाईंनी भंगारवाल्याला बोलावले. मला हातगाडीवर चढवलेसुद्धा. मला ओरडायचे होते, पण माझा घसाच बुजलेला!

तेवढ्यात मामांची लेक नवऱ्याचा डबा घेऊन आली.

"याला कुठे नेताय? खाली ठेवा आधी!" तिने टाकीचे झाकण उघडून वास घेतला. "अहो, हे पेट्रोल आहे की वार्निश?"

"मीच भरलं होतं," जावई पुटपुटला. "त्याची आबाळ नको म्हणून."

"तो काय पाहुणा आहे? बाबा टाकी कोरडी का करायचे, कधी विचारलंत? पान्हा आणा."

तिने शिळे पेट्रोल एका रिकाम्या कॅनमध्ये काढले, कार्बोरेटर उघडून धुतला, छिद्र मोकळे केले आणि ताजे पेट्रोल घातले. पहिल्यांदा दोरी ओढली, मी गप्प. दुसऱ्यांदा नुसता खोकलो. भंगारवाला पुन्हा गाडी पुढे आणू लागला. तिसऱ्यांदा मी असा गरजलो की त्याने कानांवर हात ठेवले.

"ताई, भंगार एवढं ओरडत नाही," तो म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

मित्रांनो, मला तुमची दया नको. महिनाभराहून जास्त दिवस ठेवणार असाल, तर माझी टाकी रिकामी करा आणि उरलेसुरले थेंब संपेपर्यंत मला मोकळ्या हवेत चालवा. एवढे होत नसेल, तर चूक तुमची आहे. ती माझ्या वयाच्या माथी मारू नका. शंका असेल, तर उद्या सकाळी मैदानावर या. गवत घोट्याच्या वर गेले आहे आणि मी तयार आहे.