टरफलाच्या आतला पापुद्रा

त्या दुपारी तळ्यावरचा उजेड खिडकीतून येऊन प्रयोगशाळेच्या छतावर हलत होता. खाली मायलेकी जणू पाण्याच्या तळाशी बसून काम करत होत्या. टेबलावर पाणकावळ्यांच्या फुटक्या अंड्यांची निळसर टरफलं पाकळ्यांसारखी पसरली होती.

तळ्याच्या गाळात जुनं कीटकनाशक मुरलं होतं. ते किड्यांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत चढलं, की टरफलं पातळ होतात. मग उबवणाऱ्या आईच्याच वजनाने अंडी फुटतात. गाळ काढायचा की राहू द्यायचा, हे टरफलांच्या जाडीवर ठरणार होतं.

"लिही गं, पेंगतेस काय!" यंत्राच्या चिमटीत टरफल धरून आई आकडे सांगत होती. "चांगली जाड आहेत. तगतील पिल्लं."

लेकीचं पेन थबकलं. आतला पापुद्रा सोलल्याशिवाय मापायचं नाही, नाहीतर जाडी फुगून येते, हे तिला आईनेच शिकवलेलं. आणि आज आई सायीसारखा तो पापुद्रा तसाच ठेवून मापत होती. पण आईची चूक काढायची कुणी? सारं खातं तिला वचकून असे. आणि आज ती किती खुशीत होती! उद्या सांगू, लेकीने मनाशी म्हटलं.

"काय बघतेस? शिंगं फुटली का मला?"

"काही नाही. चहा घेतेस?"

"घेते. आणि साखर घाल. डॉक्टर काही बघायला येत नाही."

पहाटे झोपेतच आई गेली.

लेक कामावर परतली तेव्हा छतावर तोच उजेड हलत होता. तिने एकेक टरफल ओलं केलं आणि चिमट्याने पापुद्रा सोलला. मागे उरत होतं ते टरफल फुंकरीने उडेल इतकं पातळ. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी सावकाश श्वास घेतंय, असं तिला सारखं वाटत राहिलं.

खातेप्रमुख दारात येऊन उभे राहिले. "बाईंचं शेवटचं काम. त्यांचेच आकडे पाठवू या. गाळ राहू दे. त्यांचा मान राहील."

किती सोपं होतं हो म्हणणं! बाहेर एक पाणकावळी घरट्यात हळूच, अगदी जपून बसत होती.

"नका पाठवू," लेक म्हणाली. मग खुर्चीकडे वळून, झोपलेल्याला उठवावं तशा आवाजात म्हणाली, "आई, तुझं चुकलं गं."