अपुऱ्या बोलीवरचा चुकलेला निकाल

दिपाली मच्छे गावची. टिळकवाडीत शरद वकिलांच्या ऑफिसात ती सहा वर्षं टायपिंग करत होती आणि ब्रिज शिकली तीही तिथंच. कोर्टाला सुट्टी असली की सर, त्यांच्या पत्नी नीलाकाकू आणि ज्युनियर वकील आदर्श पत्ते मांडून बसत. चौथा भिडू मिळेना म्हणून तिला बसवलं, आणि वर्षभरात ती तिघांनाही भारी पडायला लागली. पुढं तिनं डायरेक्टरची, म्हणजे ब्रिजच्या पंचाची, परीक्षाही दिली. पास झाली, पण खऱ्या स्पर्धेत निकाल द्यायची वेळ कधी आली नव्हती.

ती आली एका रविवारी. क्लबच्या स्पर्धेचे नेहमीचे डायरेक्टर हुबळीला मुलीकडं अडकले, आणि सकाळी आठला दिपालीला फोन आला. दहाला ती हॉलमध्ये हजर. आठ टेबलं, बत्तीस माणसं, बहुतेक तिच्या दुप्पट वयाची. पहिला तासभर कुणी तिला बोलावलंच नाही. मग तिसऱ्या टेबलावरून नीलाकाकूंचा हात वर झाला.

एका बाजूला शरद सर आणि नीलाकाकू, दुसऱ्या बाजूला निपाणीचे मारुतीराव आणि त्यांच्या पत्नी जयाबाई. मारुतीराव साखर कारखान्यात केमिस्ट होते. तिथल्या वसाहतीत दोघं ब्रिज शिकली आणि निवृत्तीनंतरही तो सुटला नाही. ब्रिजमध्ये किती हात करू ते सांगणारी बोली कार्ड ठेवून करतात, आणि ती चढत जावी लागते. जयाबाईंनी 'एक बदाम' केलं होतं, त्यावर सरांनी 'दोन किलवर', आणि मारुतीरावांनी सरांचं कार्ड न बघताच 'एक इस्पिक' खाली ठेवलं होतं. दोनावर एक.

"चष्मा डोळ्यावरच हाय बघ," मारुतीराव ओशाळून म्हणाले. "तरी दिसलं न्हाय."

दिपालीनं आधी नीलाकाकूंना विचारलं, ही अपुरी बोली तुम्हाला चालेल का? त्या नको म्हणाल्या. म्हणजे मारुतीरावांना बोली बदलणं भाग होतं. तिनं नियम सांगायला घेतला. तेच इस्पिक वर चढवून 'दोन इस्पिक' केलं, तर खेळ पुढं सुरू. तोच अर्थ सांगणारी दुसरी बोली केली, तरीही. पण तिसरंच काही केलं, तर जयाबाईंना त्या डावात शेवटपर्यंत पासच म्हणावं लागेल.

"आणि डबल चालत नाही," सर पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाले. "अपुऱ्या बोलीच्या जागी डबल करताच येत नाही."

ज्या आवाजानं तिला ब्रिज शिकवला, तोच हा आवाज. तिनं मान डोलावली.

मारुतीरावांना खिडकीपाशी नेऊन तिनं हळूच विचारलं, एक इस्पिक म्हणताना मनात काय होतं? ते म्हणाले, इस्पिकची चारच पानं आहेत आणि ताकद बेताची. 'दोन'वर चढायचं तर पाच पानं लागतात. डबल ही आकडा न चढवता करायची वेगळी बोली, तिनं जोडीदाराला न बोललेल्या रंगाचा इशारा देता येतो. "डबल केलं तर बाईला कळंल, माझ्याकडं चार हाईत. करू व्हय?"

"नाही करता येत, काका."

"मग पास," ते म्हणाले आणि जाग्यावर येऊन बसले. जयाबाईंना गप्प बसावं लागलं. सरांनी दोन किलवर खेळून बोलीला लागणारे आठ हात सरळ केले.

दिपाली आपल्या टेबलाशी परत आली, पण तिला चैन पडेना. तिनं नियमांचं पुस्तक उघडलं. नवी बोली, मग ती डबल का असेना, आधीच्या बोलीच्या अर्थात बसत असेल तर जोडीदारावर बंधन येत नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं. एक इस्पिक म्हणजे चार किंवा जास्त पानं, डबल म्हणजे चार. बसतच होतं. परीक्षेत हाच प्रश्न तिनं बरोबर सोडवला होता. चौघांचीही पानं छापलेला डावाचा कागद बघितला, तर जयाबाईंच्याही हातात इस्पिकची चार पानं. स्पर्धेत तोच डाव टेबलाटेबलावर फिरतो, आणि बाकी टेबलांवर त्याच पानांनी तीन इस्पिक, म्हणजे नऊ हात, झाले होते.

ती बोलली नाही तर कुणाला कळणार नव्हतं. मारुतीरावांनी तर काही कुरकूरही केली नव्हती. आणि बोलायचं तर सरांच्या तोंडावर, चारचौघांत. उद्या सकाळी त्यांच्याच ऑफिसात जायचं होतं.

चहाची सुट्टी झाली तशी ती पुस्तक घेऊन तिसऱ्या टेबलाशी गेली. "मघाचा माझा निकाल चुकला," ती म्हणाली. "डबल चालत होतं."

सरांनी पुस्तकासाठी हात पुढं केला. त्यांनी तो परिच्छेद वाचला, परत वाचला, मग पहिल्या पानावर जाऊन साल बघितलं. दिपाली त्यांच्या कपाळाकडं बघत उभी राहिली.

"माझ्याकडचं पुस्तक सत्त्याण्णव सालचं आहे," ते शेवटी म्हणाले. "त्यानंतर मी बघितलंच नाही. आता निकाल काय?"

तिनं सांगितलं. चूक डायरेक्टरची, म्हणून दोन्ही जोड्या निर्दोष धरायच्या. सरांची दोन किलवरची कमाई तशीच राहील, आणि मारुतीराव-जयाबाईंना तीन इस्पिक केल्याचे गुण मिळतील.

"म्हंजे तोटा कुणाचाच न्हाय," मारुतीराव म्हणाले.

"माझा झाला असता, हिनं सांगितलं नसतं तर. जुनाच नियम धरून बसलो असतो," सर म्हणाले. मग तिच्याकडं वळले. "टेबलाशी मी कोण होतो, गं? खेळाडू. मी सांगितलं म्हणून तू ऐकायचं नाहीस. पुस्तक बघायचंस."

"बघते, सर."

एवढंच. ना राग, ना टोमणा. सकाळपासून आखडलेले तिचे खांदे एकदम सैल पडले, आणि कधीपासून आपल्याला भूक लागली आहे हे तिला तेव्हा कळलं. जयाबाईंनी आपल्या बशीतले दोन आप्पे तिच्या हातावर ठेवले. तिनं ते तिथंच उभ्यानं खाल्ले. सर अजून पुस्तक चाळत होते आणि आणखी काय काय बदललंय ते तिला विचारत होते. ती तोंडात घास असतानाच उत्तरं देत होती.